रॅक पोचवायला गेलेले सोपानमामा

सोपानमामांनी एकदा एका माणसाला, त्याची स्वतःची गाडी आमच्या आवारात उभी असताना, एसटीत बसवून भोरला पाठवलं होतं. हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, बाळू तिखटमीठ लावतोय. अजिबात नाही. त्या माणसाला भोर स्टँडवरून माझ्या मोटरसायकलवर मीच परत आणला.

तो पुण्याहून आमच्या गोदामातल्या आग विझवायच्या नळकांड्या तपासायला आला होता. अर्ध्या तासाचं काम. ते झालं, तो निघाला, तसे मामाही त्याच्याबरोबर निघाले. मामांचा हा नियम होता. आलेला माणूस एकटा परत जाऊ द्यायचा नाही, पोचवायला जायचं. मग तो नळकांड्यावाला असो, टेम्पोवाला असो, नाहीतर लाईटचं मीटर बघणारा असो. 'आलं-गेलं बघाया नको?' असं म्हणायचं आणि हात मागे बांधून चालायला लागायचं. चालता चालता गाव कुठलं, शेती किती, पाहुणे कुठले, सगळी चौकशी. नळकांड्यावाल्याच्या तोंडून निघून गेलं की सासुरवाडी आंबवड्याची. झालं. फाट्यावर पोचतात तोच भोरची गाडी आली, मामांनी हात केला, ड्रायव्हर ओळखीचा. 'हितवर आलाय आन सासऱ्याला न भेटता जाताय व्हय? बसा, म्होरं जागा हाय.' आणि तो बसला.

"अहो, पण तुम्ही सांगायचं ना, गाडी आहे म्हणून," मी त्याला भोरला विचारलं.

"मला मधे बोलायला फटच सापडली नाही," तो म्हणाला.

आमचं गोदाम कापूरहोळवरून भोरकडे वळलं की डाव्या हाताला, आत. मी भोंगवलीचा, तिथं शिफ्ट इनचार्ज. म्हणजे वरच्यांचं ऐकायचं, ते खाली सांगायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. मला राग लवकर येतो, असं घरी बायको म्हणते आणि गोदामात संगीताताई म्हणतात. संगीताताई पॅकिंगच्या टेबलावर असतात आणि त्यांचा टोमणा त्यांच्या टेपपेक्षा चिकट, लागला की निघत नाही. पण मामांवर मात्र त्यांनाही आणि मलाही फार वेळ रागावता यायचं नाही.

मामा भाटघरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीचे. अंगानं वाळकुडे, साठीला टेकलेले. खाली लेंगा, वर कंपनीचा निळा टीशर्ट, डोक्यावर पांढरी टोपी आणि नियम म्हणून टोपीच्या वर पिवळं हेल्मेट. टोपी काढून हेल्मेट घाला असं सांगून मी थकलो. मामी गेल्यापासून वाडीत एकटेच राहायचे. मुलगा विलास पुण्याला, आंबेगावात, सातव्या मजल्यावर. तो गुणी पोरगा, वडिलांना एकटं ठेवायला त्याचा जीव धजत नव्हता. शेवटी बापलेकांत ठराव झाला. काम आहे तोवर वाडीत राहायचं, काम संपलं की त्याच दिवशी पुण्याला. मामांनी शब्द दिला, कारण काम संपेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"सातव्या मजल्यावर मानूस कुनाला कुठवर पोचवनार," मामा म्हणायचे. "लिफ्टपतुर. मंग दार बंद व्हतं."

यंत्रं यायच्या आधी आमचं सगळं गोदाम मामांच्या डोक्यात होतं. मागणीची चिठ्ठी हातात आली की ते मनातल्या मनात गावातून फेरी मारायचे. त्यांनी रॅकांच्या आळ्याच पाडल्या होत्या. चहाच्या शेजारी धुण्याचा साबण ठेवायचा नाही, वास लागतो. कुकरच्या शिट्ट्या कुकरपासून लांब न्यायच्या नाहीत, मायलेकरं आहेत. उंदराचं औषध पार टोकाला. नवा माल आला की मामा खोकं हातात धरून उभे राहायचे आणि विचार करायचे, याचे शेजारी कोण बरे. दिवसभर चालायचे. बसलेले मामा मी फक्त जेवताना बघितले.

मग पुण्याच्या ऑफिसनं बारा यंत्रं पाठवली.

ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चपटं, चौकोनी यंत्र, लाकडी पाटासारखं, उंची गुडघ्याच्याही खाली. ते सरपटत रॅकच्या पोटाखाली जातं, पाठ वर करतं आणि आख्खं रॅक उचलून माणसाच्या खिडकीपुढं आणून उभं करतं. कुठल्या फळीवर हात घालायचा ते पडद्यावर दिसतं. आपण वस्तू काढायची, स्कॅन करायची, की यंत्र रॅक घेऊन माघारी जातं आणि दुसरं येतं. माणसानं जागचं हलायचं नाही. यंत्रांच्या बाजूला माणसानं जायचं तर नाहीच नाही. मधे पिवळी पट्टी, आणि पट्टीवर न दिसणारा किरण. त्याच्या आड पाय आला की बाराच्या बारा यंत्रं आहेत तिथं थांबतात, लाल दिवा फिरतो, भोंगा वाजतो. मग मी धावत जायचं, सगळं बघायचं, थांबण्याचं कारण कॉम्प्युटरात भरायचं आणि हिरवं बटण दाबायचं. कारण भरल्याशिवाय बटण दबत नाही.

आणि माल कुठं ठेवायचा तेही आता कॉम्प्युटर ठरवणार. जिथं जागा रिकामी तिथं वस्तू. एका रॅकवर चहा, त्याच्या डोक्यावर साबण, शेजारी पोरांचे बूट आणि खाली मच्छरची अगरबत्ती. मामांनी ते रॅक वरून खालपर्यंत बघितलं.

"ह्यो गाव न्हाई बाळू," ते म्हणाले. "ही जत्रा झाली."

पहिल्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि मामांना खिडकीपुढं स्टुलावर बसवलं. पहिलं रॅक त्यांच्यापुढं येऊन थांबलं. मामा स्टुलावरून उठले. "या," म्हणाले. शांपूची बाटली काढली, स्कॅन केली. रॅक वळलं आणि निघालं. मामांनी हात मागे बांधले आणि त्याच्यामागून निघाले.

भोंगा असा काही वाजला की पॅकिंगच्या बायकांना वाटलं आग लागली.

"मामा, कुठं निघालात?" मी ओरडलो.

"आलं-गेलं बघाया नको?" मामा मधोमध उभे, चारी बाजूंना यंत्रं गप्प. "एवढ्या लांबनं आलं बिचारं. पानी न्हाई, च्या न्हाई. सामान काडून घेतलं आन लावलं माघारी."

"मामा, ते लोखंडी रॅक आहे."

"आसंल. पर आलं तर हाय."

यंत्रं बसवायला केतकी नावाची इंजिनियर पोरगी पुण्याहून आली होती. चष्मा, पाठीवर पिशवी, मांडीवर कायम लॅपटॉप. ती हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "किती पावलं जायचं असतं मामा?"

"दोन गेली तरी पुरं."

केतकीनं खरंच मामांच्या खिडकीपुढची पिवळी पट्टी दोन पावलं आत सरकवली, किरणही सरकवला. मला वाटलं, चला, मिटलं. तीन दिवस मिटलंही. चौथ्या दिवशी पुन्हा भोंगा.

"मामा, दोन पावलं दिली होती ना तुम्हाला?"

"दिली की. पर ती पोरीनं आपल्या हद्दीत घेतली. म्हंजी ती आपल्याच अंगनातली झाली. अंगनातल्या अंगनात फिरन्याला पोचवनं म्हनत्यात व्हय?"

केतकीनं ते वहीत लिहून घेतलं. कशासाठी, ते तिलाच माहीत.

मामा मुद्दाम करत नव्हते, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. "म्या उठत न्हाई रं, पाय उठत्यात," असं ते म्हणायचे आणि खरोखर ओशाळायचे. संगीताताईंनी एकदा त्यांच्या कमरेला टॉवेल गुंडाळून तो स्टुलाला बांधला. रॅक वळलं, मामा उठले आणि स्टुलासकट निघाले. त्या दिवशी भोंग्याच्या आधी बायकांचं हसू ऐकू आलं.

पण नियम हसण्यासारखा नव्हता. जो माणूस आत जाईल त्याचं नाव रिपोर्टात. तीनदा नाव आलं की काम बंद. आणि काम बंद म्हणजे मामांना आंबेगाव, सातवा मजला. हे मला ठाऊक होतं, आणि कारण भरायचं माझ्या हातात होतं.

कॉम्प्युटरात कारणांची यादी होती. धूळ बसली, खोकं पडलं, माणूस आत आला, इतर. खरं काय ते तिसऱ्या ओळीत होतं. मी 'इतर' निवडलं आणि पुढं लिहिलं, मांजर.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. कुणाचं नाव नाही, कुणाला त्रास नाही. दुसऱ्यांदा तेच लिहिलं. मग सवय झाली. मामा रॅकमागून दोन पावलं जायचे, मी धावत यायचो, मांजर लिहायचो, हिरवं बटण दाबायचो. दोन महिन्यांत अशी वेळ आली की पुण्यात बसून रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटावं, कापूरहोळपासून भाटघरपर्यंतची सगळी मांजरं आमच्याकडे हजेरी लावतात.

वाचणाऱ्याला तसंच वाटलं. एका सकाळी गेटवर एक गाडी आली. आत दोन माणसं, चार पिंजरे आणि सुक्या बोंबलांची पिशवी.

"मांजरं धरायला आलोय," त्यांतला जाडा म्हणाला. "पुण्याहून ऑर्डर आहे."

मला दरदरून घाम फुटला. त्यांनी भिंतीकडेला पिंजरे लावले, बोंबील टांगले आणि बसून राहिले. सगळ्या गोदामाला बोंबलांचा वास. संगीताताई नाकाला पदर लावून मला एकसारख्या विचारत होत्या, "बाळूभाऊ, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" मी हिशोबानं दुसरीकडे बघत होतो. दुपारी मामांनी त्या दोघांना आपल्या डब्यातली भाकरी दिली, बरोबर ठेचा.

"कशापायी आलाय?" मामांनी विचारलं.

"मांजर धरायला."

"हितं? चौदा वर्सं झाली मला, म्या न्हाई बगितलं कदी मांजर." मामांनी माझ्याकडं बघितलं. "तुला दिसलं का रं बाळू?"

मी उठून पाणी आणायला गेलो. संध्याकाळी ती माणसं रिकाम्या हातानं निघाली. मामा त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत गेले, आणि ओझं नको म्हणून त्यांचा एक पिंजरा स्वतःच्या हातात घेऊन गेले. मी खिडकीतून बघत होतो. मांजर आपला पिंजरा घेऊन चाललंय, असं माझ्या मनात आलं आणि मला हसू आलं.

त्या दोघांनी लिहून दिलं की मांजर हुशार आहे, आधी कॅमेरा लावून त्याचा रस्ता शोधा. आठवड्यात कॅमेरा आला. जिथं मांजर सगळ्यात जास्त वेळा आलं होतं तिथंच तो टांगला, म्हणजे मामांच्या खिडकीच्या बरोबर वर. मी तेव्हाच मामांना सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, लाज वाटली. नुसतं म्हणालो, "मामा, आता खरंच उठू नका. माझ्यासाठी."

मामांनी फार प्रयत्न केला. पाय स्टुलाच्या दांडीत अडकवून बसायचे. उठायचे नाहीत, पण रॅक निघालं की मान वळवून त्याच्याकडं बघत राहायचे. ते वळणावर जाऊन आपल्या जागी टेकेपर्यंत नजर काढायची नाही. पुढचं रॅक येऊन समोर उभं राहायचं तरी मामा आधीच्याला पोचवतच असायचे. त्यांचं काम थोडं हळू व्हायला लागलं, पण भोंगा कमी झाला. कमी म्हणजे, बंद नाही.

अशात एक दिवस पुण्याहून देशमाने साहेब आले. आमचे सगळ्यांचे साहेब. बरोबर चार पाहुणे, ज्यांचा माल आमच्याकडे ठेवायचा की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. साहेब त्यांना काचेपलीकडून दाखवत होते. "आमच्याकडे माणसाला चालावंच लागत नाही," असं म्हणायला आणि बाराही यंत्रं जागच्या जागी थिजायला एकच गाठ पडली. भोंगा नाही, दिवा नाही. भोर रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं आमची इंटरनेटची वायर उचकटली होती. पडद्यांवर चक्र फिरत राहिलं.

माल भरायच्या धक्क्यावर टेम्पो उभा होता, त्याच्या अकरा वस्तू राहिल्या होत्या. पाहुणे घड्याळाकडं बघायला लागले. साहेबांच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात मामा स्टुलावरून उठले.

"सायेब, आता आत गेलं तर चालंल का? ती तर समदी झोपल्याती."

"जाल हो. पण काय कुठं ठेवलंय ते कॉम्प्युटरशिवाय कुणाला माहीत आहे?"

मामांनी माझ्या हातातली टेम्पोची छापील यादी मला मोठ्यानं वाचायला लावली, मग हात मागे बांधले आणि चालायला लागले. शेवया पलीकडच्या भिंतीच्या तिसऱ्या रॅकवर. पोरांचे बूट, सात नंबर, त्या खांबामागं. कुकरची रिंग, ती तर मघाशीच गेली, अजून वळणावरच असेल, आणि ती वळणावरच होती. एकेक वस्तू आणून ते खिडकीत ठेवत होते.

"तुम्हाला कसं कळलं?" पाहुण्यांतल्या एकानं विचारलं.

"सकाळधरनं म्याच तर पोचीवल्याती एकेकाला," मामा म्हणाले. "हितनंच. नजरंनं."

वीस मिनिटांत अकराच्या अकरा वस्तू टेम्पोत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "मामा, आज तुम्ही लाज राखलीत." मामा अर्थातच पाहुण्यांना पोचवायला निघाले. या वेळी मात्र मी मागून पळालो आणि चौघं स्वतःच्या गाडीत बसल्याची खात्री करून मगच फिरलो.

मला वाटलं, जिंकलो आपण. संगीताताईंनी त्या दिवशी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून माणसं आली आणि गोदामाला दुसरी वायर जोडून गेली. वेगळ्या रस्त्यानं आणलेली. एक तुटली तर दुसरी चालू राहील, पुन्हा असा प्रसंगच येणार नाही.

"म्हंजी म्या शानपना केला म्हनून त्यांनी दुसरी वायर वडली व्हय?" मामा म्हणाले आणि इतके हसले की हेल्मेट पडलं, टोपी राहिली.

वायर बघायला आलेल्या साहेबांना जाता जाता आठवलं. "अरे, त्या मांजराचं काय झालं?" माझ्या केबिनमध्ये बसून त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. मामा पाय दांडीत अडकवून बसलेत. रॅक निघतं. मामांचे पाय सुटतात. मामा निघतात. लाल दिवा. मी धावत येतो, मामांना हाताला धरून मागं आणतो, कॉम्प्युटरवर काहीतरी बडवतो. साहेबांनी दोनदा बघितलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसले नाहीत.

"हे मांजर?"

"हो साहेब."

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी चित्र बंद केलं. "बाळासाहेब, भरलेलं रॅक एक दिवस त्यांच्या अंगावर आलं असतं तर त्यांच्या मुलाला मी काय सांगितलं असतं? मांजराला लागलं म्हणून?" मी विचारलं, निदान मामांना धक्क्यावर द्या, गाड्या भरायला, तिथं चालणंच आहे. साहेब म्हणाले, पहिल्या महिन्यात खरं लिहिलं असतं तर तिथं जागा होती. आता भरली. मामांचं काम महिनाअखेरीपर्यंत.

मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा मामा गेटजवळच्या जांभळीखाली बशीत चहा ओतून पीत होते. मी सगळं सांगितलं. कॅमेरा, साहेब, महिनाअखेर, आणि कॉम्प्युटरात काय लिहिलं तेही. मामांनी बशी खाली ठेवली.

"मला मांजर केलंस व्हय रं?"

"मामा, त्या वेळी सुचलं ते लिहिलं."

"निदान बैल तरी लिवायचा. बैल आत शिरतो हे कुनालाबी पटलं आसतं."

मी हसलो नाही. मामाही हसले नाहीत. चहावर साय धरली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला न्हाई जायाचं बाळू तिकडं."

"मग नका जाऊ. विलासला मी सांगतो."

"शब्द दिलाय पोराला. त्यो बी माझाच हाय, त्याला का फशीवू?"

मी त्यांना वाचवायला गेलो आणि मीच तो कॅमेरा त्यांच्या डोक्यावर आणून टांगला. मला त्याचं फार वाईट वाटलं. अजून वाटतं. संगीताताईंनी मला त्यावरून एक शब्द सुनावला नाही, त्यामुळं तर जास्तच.

महिनाअखेरीला विलास चारच्या सुमाराला गाडी घेऊन आला. मामांची एक पेटी आणि एक पोतं मागं ठेवलेलं. बायकांनी नारळ आणि शाल दिली. मामा टोपीवरचं हेल्मेट काढून माझ्या हातात द्यायला खिडकीपाशी आले, तेवढ्यात मी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. बारा यंत्रं थांबली, भोंगा वाजला.

मामांनी दचकून स्वतःच्या पायांकडं बघितलं. ते पट्टीच्या अलीकडंच होते.

"म्या न्हाई. आता कंचं मांजर आलं?"

"मी थांबवलंय. या मामा, एक फेरी मारून घ्या."

मामांनी हात मागे बांधले आणि आत गेले. त्या जत्रेत प्रत्येक आळीतून फिरले. कुठं रॅकवर हात ठेवला, कुठं नुसती मान हलवली. एका ठिकाणी थांबले, चहाची पाकिटं साबणाखालून काढून पलीकडच्या रॅकवर ठेवली. कॉम्प्युटरला ती पुढं दोन दिवस सापडली नाहीत, पण ते जाऊ दे. यंत्रांच्या मधून वाट काढताना एकाला पाय लागला, तर वाकून त्याला नमस्कार केला.

मग मी त्यांना पोचवायला निघालो. मामा गाडीत बसायला तयार होईनात, फाट्यापर्यंत चालतच जायचं म्हणाले. आम्ही दोघं पुढं आणि मागून विलासची गाडी पायाच्या चालीनं. वाटेत मामांनी मला विचारलं, भोंगवलीला यंदा ऊस किती, आई कशी आहे. जशी रोजच्या पाहुण्याची चौकशी करायचे तशी. फाटा आला. मी पाया पडलो.

"बरं, फिर आता माघारी," मामा म्हणाले. मी फिरलो. दहा पावलं गेलो तर मामा शेजारी.

"मामा?"

"तू आलास ना पोचवाया. आता एकला माघारी जानार व्हय?"

ते मला गेटपर्यंत सोडायला आले. आता त्यांना एकटं कसं जाऊ देणार? मी पुन्हा फाट्यापर्यंत गेलो. मामा पुन्हा माझ्याबरोबर वळले. असं तीनदा झालं. विलासनं तिसऱ्या खेपेला गाडी बंद करून दगडावर बसून घेतलं. गेटवर संगीताताई आणि सगळ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. माझा मोबाईल एकसारखा वाजत होता, पुण्याहून, गोदाम का थांबलंय म्हणून.

शेवटी अर्ध्या वाटेवर, बाभळीपाशी, मामाच थांबले. "हितनं दोघांनाबी सारकंच आंतर हाय," म्हणाले. "तू तिकडं जा, म्या हिकडं जातो." आणि वळले. मीही वळलो. गेटपाशी येऊन बघितलं तर ते गाडीच्या दारापाशी उभे होते, आमच्याकडं तोंड करून. मी आत जाईपर्यंत ते बसणार नव्हते, हे मला कळलं, म्हणून मी आत गेलो.

यंत्रं चाळीस मिनिटं उभी होती. कॉम्प्युटर कारण विचारत होता. धूळ बसली, खोकं पडलं, माणूस आत आला, इतर. मी 'इतर' निवडलं आणि पुढं लिहिलं: पाहुणे होते. पोचवायला गेलो होतो. खाली माझं नाव टाकलं.

मग हिरवं बटण दाबलं आणि बाराच्या बारा कामाला लागली.